ठिणगी, साडीचं दुकान आणि काळा पडलेला पडदा



डिसेंबरातली दुपार होती. पाणीगेटच्या दरवाजातून आत येऊन मांडवीकडे जाताना लागणाऱ्या एका साडीच्या दुकानात मी गादीच्या कडेला बसलो होतो. माझा भाचा स्टुलावर चढून भिंतीवरच्या टीव्हीमागे हात घालत होता आणि शेठ कपाळावर आठ्या घालून म्हणत होते, "साहेब, तमारो डब्बो पाछो मरी गयो."

हा डबा भाच्याचा. इंजिनीअरिंग झाल्यावर त्याने आणि त्याच्या मित्राने आमच्या जुन्या वाड्यातली माडीवरची खोली घेतली आणि तिथे हाताच्या पंजाएवढे छोटे संगणक बांधायला सुरुवात केली. टीव्हीच्या मागे तो डबा चिकटवायचा, एचडीएमआय केबल जोडायची, की पडद्यावर साड्यांचे फोटो, भाव, सणाची सूट असं सगळं फिरत राहतं. फरसाणवाले, चष्मेवाले, साडीवाले अशा चाळीस दुकानांत ते बसले होते. भांडवल म्हणजे माझ्या ताईची मुदत ठेव. ठेव मोडली हे तिने मला दोन महिन्यांनी सांगितलं.

दिवाळीपर्यंत सगळं छान चाललं. थंडी पडली आणि डबे परत येऊ लागले. तक्रार एकच: चित्र येत नाही. चाळीसातले अकरा.

त्या दुपारी कारण माझ्या डोळ्यांसमोरच घडलं. भाच्याने नवा डबा लावला, चित्र आलं. दुकानातला मुलगा तासभर गादीवर बसून एकामागून एक पॉलिएस्टरच्या साड्या उलगडत होता. शेठ म्हणाले, "टीव्ही जरा सीधो कर." मुलगा उठला, टीव्हीखाली लोंबणाऱ्या केबलच्या टोकाला त्याचा हात लागला, 'चट्' असा बारीक आवाज झाला, त्याने हात झटकला आणि पडदा काळा! कुणाचंच लक्ष त्या आवाजाकडे गेलं नाही. थंडीत स्वेटर काढताना असे आवाज होतच असतात.

आपल्याकडे ही गोष्ट फार जुनी आहे. घासलेला अंबर गवताची काडी ओढून घेतो, म्हणून संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात. दोन वेगळे पदार्थ एकमेकांवर घासले की एकावरचा विद्युतभार दुसऱ्यावर जातो. हवा दमट असेल तर प्रत्येक पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यावरून हा भार गुपचूप निसटून जातो. कोरड्या हवेत तो साठत राहतो. कोरड्या खोलीत गालिच्यावर चालणाऱ्या माणसाच्या अंगावर ३५,००० व्होल्टपर्यंत दाब साठू शकतो, दमट हवेत तोच १,५०० च्या आसपास राहतो, असे आकडे या विषयाच्या पुस्तकांत नेहमी देतात. म्हणून पावसाळ्यात बसवलेले डबे दिवाळीपर्यंत तगले. मुलांना वाटत होतं, नवीन आणलेल्या चिपाच खराब निघाल्या.

माणसाला असा झटका साधारण ३,००० व्होल्टच्या वर गेल्याशिवाय जाणवतही नाही. चिपच्या आतला काचेसारखा थर मात्र काही नॅनोमीटर जाडीचा असतो आणि मोजक्या व्होल्टना फाटतो. म्हणजे आपल्याला कळलंही नाही अशा स्पर्शाने चिप मरू शकते. त्यातली ऊर्जा तरी किती? ८,००० व्होल्टच्या प्रमाणित झटक्यात सुमारे ४.८ मिलिज्यूल. एक ग्रॅम वजन, म्हणजे दोनएक शेंगदाणे, अर्धा मीटर उचलायला लागते तेवढीच. पण ती सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात, सुईच्या टोकाहून बारीक जागेत उतरते.

"पण मामा," भाचा म्हणाला, "चिपच्या डेटाशीटमध्ये लिहिलंय, आतच २ केव्हीचं संरक्षण आहे. म्हणून तर आम्ही बोर्डावर डायोडची जागा ठेवूनही डायोड बसवले नाहीत."

इथेच बहुतेक जण फसतात. चिपवरचा तो आकडा कारखान्यातल्या हाताळणीसाठी असतो. तिथे कामगाराच्या मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा असतो, फरशी खास असते, कपडे खास असतात. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाबद्दल आपल्याकडची मुलं हल्ली उत्साहाने बोलतात. असल्या कोणत्याही चिप कारखान्यात पहिल्या दिवशीचा पहिला धडा हाच. त्या कसोटीत १०० पिकोफॅरडच्या धारित्रात साठवलेला भार १,५०० ओहमच्या रोधातून सोडतात. २,००० व्होल्टला प्रवाह भरतो जेमतेम १.३ अँपिअर.

साडीच्या दुकानात असा पट्टा कोण बांधणार? म्हणून वापरातल्या उपकरणांसाठी वेगळं मानक आहे, आयईसी ६१०००-४-२. तेच भारतीय मानक आयएस १४७०० मध्येही घेतलं आहे. तिथे धारित्र १५० पिकोफॅरडचं, रोध फक्त ३३० ओहमचा. थेट स्पर्शाच्या झटक्याची सगळ्यांत वरची नेहमीची पातळी ८,००० व्होल्ट. प्रवाह एका नॅनोसेकंदाच्या आत ३० अँपिअरवर पोचतो. १.३ कुठे आणि ३० कुठे! दोन्हीकडे 'केव्ही' लिहिलेलं असतं, त्यामुळे २ आणि ८ मध्ये चौपटच फरक आहे असं वाटतं. चिपला सोसायचा प्रवाह मात्र बावीस-तेवीस पट होतो.

त्या रात्री वाड्याच्या माडीवर आम्ही अकराही डबे उघडले. मल्टीमीटर डायोडच्या खुणेवर ठेवायचा, एक टोक जमिनीला, दुसरं एकेका पिनेला, आणि चांगल्या डब्याच्या आकड्यांशी ताडून पाहायचं. एवढी साधी पद्धत, पण दोन तासांत चित्र स्पष्ट झालं. एका डब्याला काहीच झालं नव्हतं, केबल तुटली होती. तीन डब्यांत चित्राच्या वेगवान तारांपैकी एखादी जमिनीला चिकटली होती. उरलेल्या सात डब्यांत वेगवान तारा ठणठणीत होत्या. मेल्या होत्या त्या हळू चालणाऱ्या तारा!

हे जरा समजून घेऊ. एचडीएमआयच्या कनेक्टरला १९ पिना असतात. त्यातल्या आठ, म्हणजे चार जोड्या, चित्र वाहून नेतात. बाकीच्यांत दोन तारा ओळख विचारण्याच्या. डबा टीव्हीला विचारतो, "तू कोण, किती रेषांचं चित्र दाखवू शकतोस?" टीव्ही त्याच तारांवरून उत्तर देतो. आणखी एक तार 'टीव्ही जोडला आहे' एवढंच कळवते, एक रिमोटचे निरोप नेते, एकीवर ५ व्होल्टचा पुरवठा असतो. ओळखच पटली नाही तर डबा बहुधा चित्रच पाठवत नाही. चित्राच्या तारा शाबूत असूनही पडदा काळाच. मुलं आठवडाभर नको त्या तारांकडे बघत बसली होती.

आता डायोड बसवायचे हे ठरलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर होतो. मित्राने घाई करून ५ व्होल्टच्या पुरवठ्यासाठी आणलेले दणकट डायोड सगळ्याच तारांवर बसवले. "जेवढं दणकट तेवढं चांगलं, काका." संध्याकाळी फोन आला. एकाही टीव्हीवर चित्र नाही.

या डायोडला टीव्हीएस म्हणतात. एरवी तो गप्प असतो. तारेवरचा दाब ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की एका क्षणात वाट उघडतो आणि प्रवाह जमिनीत सोडतो. पण गप्प असतानाही त्याला स्वतःचं एक धारित्र असतं. आपल्या पाणीगेटकरांच्या भाषेत सांगायचं, तर नळाच्या वाटेत कोणी भांडं जोडून ठेवावं तसं. पाण्याची पातळी वर-खाली करून निरोप द्यायचा असेल तर प्रत्येक वेळी आधी ते भांडं भरावं आणि मग रिकामं करावं लागणार. त्या दणकट डायोडचं धारित्र होतं शंभरएक पिकोफॅरड. म्हणजे पिंप.

हिशेब सोपा आहे, कागद-पेन्सिल घ्या. चित्राच्या प्रत्येक तारेला दोन्ही बाजूंनी ५०-५० ओहम दिसतात, म्हणजे मधल्या डायोडच्या वाट्याला २५ ओहम. २५ ला पिकोफॅरडने गुणलं की उत्तर पिकोसेकंदांत मिळतं, आणि पातळी नीट चढायला त्याच्या साधारण २.२ पट वेळ लागतो. १०० पिकोफॅरडला ही वेळ येते ५,५०० पिकोसेकंद. आता सिग्नलकडे बघा. साध्या फुल एचडी चित्रात, सेकंदाला ६० फ्रेम असताना, एका जोडीवरून सेकंदाला १४८.५ कोटी बिट जातात. एका बिटला मिळतात ६७३ पिकोसेकंद. पातळी चढायच्या आत आठ बिट निघून जातात! चित्र कुठून येणार?

मग त्यांनी बाजारात सहज मिळणारा, यूएसबीच्या जुन्या वेगासाठी केलेला डायोड घेतला. धारित्र ३.५ पिकोफॅरड, म्हणजे पिंपाच्या जागी छोटी बादली. चढायला १९२ पिकोसेकंद. फुल एचडी व्यवस्थित चाललं. सगळ्यांना हायसं वाटलं, वीस डबे बांधून झालेही. आणि एका चष्म्याच्या दुकानात नवा फोर-के टीव्ही निघाला. तिथे सेकंदाला ३० फ्रेमचं फोर-के म्हणजे एका बिटला ३३७ पिकोसेकंद. लहान केबलला चित्र यायचं, पाच मीटरच्या केबलला पडद्यावर पांढरे ठिपके चमकायचे आणि मधूनच काळोख. ६० फ्रेमला एका बिटला १६८ पिकोसेकंद. तिथे तर प्रश्नच मिटला.

असली अर्धवट चूक सगळ्यांत महाग पडते, असं माझं मत आहे. पिंप जोडलंत तर त्याच संध्याकाळी कळतं. बादली मात्र तुमच्या टेबलावर चालते आणि गिऱ्हाइकाकडे रुसते. मग केबलला दोष, टीव्हीला दोष, शेवटी एकमेकांना दोष.

अशा वेगाला लागतो पिकोफॅरडचा अंश. ०.३ पिकोफॅरडचा डायोड घेतला तर चढायची वेळ १७ पिकोसेकंदांच्याही आत. पिंप, बादली आणि आता तांब्या. जोडीतल्या दोन तारांवर नेहमी एकमेकांच्या उलट सिग्नल असतो आणि टीव्ही त्यांतला फरक वाचतो. त्यामुळे दोन्ही तारांवरचे तांबे सारखे असावे लागतात. म्हणून चार तारांसाठीचे चार डायोड एकाच छोट्या चिपमध्ये मिळतात, ते घ्यावेत. तार एका बाजूने आत शिरून सरळ दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, वळणं घ्यावी लागत नाहीत.

मग सगळ्यांत कमी धारित्राचा घ्यायचा आणि मोकळं व्हायचं? भाच्याने हेच विचारलं. मी त्याला दोन डेटाशीट शेजारी ठेवायला लावल्या. दोन्हींवर मोठ्या अक्षरांत १५ केव्ही. दोन्ही ०.३ पिकोफॅरडच्या आसपास. पण तो १५ केव्हीचा आकडा सांगतो की झटक्यानंतर *डायोड* जगेल. आपल्याला चिप जगवायची आहे! रखवालदार धडधाकट राहिला आणि घर लुटलं गेलं, तर त्या रखवालदाराचा काय उपयोग?

त्यासाठी डेटाशीटच्या आत जाऊन बघायचं, की १६ अँपिअर वाहत असताना डायोडवर किती व्होल्ट उरतात. १६ का, तर प्रमाणित झटक्यात ३० नॅनोसेकंदांनंतर तेवढा प्रवाह असतो. समजा दोन्ही डायोड ६ व्होल्टला उघडतात. एकाचा चालू अवस्थेतला रोध १ ओहम, दुसऱ्याचा ०.३ ओहम. पहिल्यावर उरतात २२ व्होल्ट, दुसऱ्यावर ११ च्याही आत. चिपच्या दृष्टीने हा जगण्या-मरण्यातला फरक आहे, आणि जाहिरातीच्या पहिल्या पानावर तो नसतो.

रोध कमी करायचा तर डायोड मोठा लागतो आणि मोठा केला की धारित्र वाढतं. यातून वाट काढायला काही डायोड असे बनवतात, की एकदा उघडले की ते आणखी खाली बसतात. ६ व्होल्टला उघडून दीड-दोन व्होल्टवर येतात. कागदावर फार देखणे. मुलांनी तसलेच आणले. तोवर आम्ही अहमदाबादच्या एका प्रयोगशाळेत तासाच्या भाड्याने ठिणगीची बंदूक मिळवली होती. दिसायला भिंतीला भोकं पाडायच्या ड्रिलसारखी असते. कनेक्टरच्या कवचावर ४ केव्ही, ६ केव्ही, ८ केव्ही, सगळं पार. आमच्या हट्टाने पिनांवरही झटके दिले आणि पडदा काळा पडला. भाच्याचा चेहरा उतरला. वैतागून त्याने केबल उपसून पुन्हा लावली, तर चित्र हजर!

डबा मेला नव्हता. एचडीएमआयमध्ये टीव्ही आपल्या बाजूने या तारांना ५० ओहममधून ३.३ व्होल्टला धरून ठेवतो. ठिणगी सरली तरी त्या वाटेने खाली बसलेल्या डायोडला तीसएक मिलिअँपिअर प्रवाह मिळतच राहिला, आणि तेवढ्यावर तो तसाच बसून राहिला. उठलाच नाही. केबल काढल्यावर खुराक तुटला, तेव्हा उठला. म्हणून अशा तारेवर डायोडचा खाली बसण्याचा दाब ३.३ व्होल्टच्या वर हवा, नाहीतर त्याला टिकून राहायला लागणारा प्रवाह तार देऊ शकते त्याहून बराच जास्त हवा. ही ओळ बहुतेक डेटाशीटमध्ये असते, तक्त्याच्या तळाशी. दुकानदाराला मात्र तो डबा मेलेलाच वाटला असता.

चौथ्यांदा योग्य डायोड मिळाला. त्याचं धारित्र थोडं जास्त होतं, ०.४ पिकोफॅरड, पण ६० फ्रेमच्या फोर-केला ते खपतं. ओळखीच्या आणि बाकीच्या हळू तारांवर मात्र आम्ही बिनधास्त जाडजूड डायोड लावले. तिथे घाई नाही. ओळखीच्या तारेवर डब्याच्या बाजूला एकूण ५० पिकोफॅरडपर्यंत मुभा आहे. तिला लागते ५ व्होल्ट सोसायची तयारी. ३.३ वाला डायोड तिथे लावला तर तो तिलाच दाबून टाकील.

आणि जागा! बोर्डाच्या पहिल्या आराखड्यात डायोड कनेक्टरपासून सव्वा सेंटिमीटर आत होता, कारण मध्ये स्क्रूची जागा आली होती. शिवाय मुख्य तारेपासून डायोडपर्यंत चार मिलिमीटरचा फाटा. मी म्हटलं, "पाणीगेटचा पहारेकरी पाणीगेटवर उभा कर. मांडवीच्या चौकात उभा करून काय फायदा?" तांब्याच्या एक मिलिमीटर बारीक वाटेला साधारण एक नॅनोहेन्री प्रेरकत्व असतं. ३० अँपिअर ०.८ नॅनोसेकंदांत चढले, की त्या एका मिलिमीटरवर सुमारे ३७ व्होल्ट उभे राहतात. चार मिलिमीटरच्या फाट्यावर दीडशे. ११ आणि २२ व्होल्टची घासाघीस करून आणलेला डायोड, आणि त्याच्या पायरीवरच दीडशे व्होल्टची खिरापत! मुलांनी स्क्रू हलवला. डायोड कनेक्टरला चिकटून, तार त्याच्या अंगावरून सरळ, आणि जमिनीला जाणारी भोकं त्याच्या पायाशीच. नव्या बोर्डाला तीन आठवडे गेले. प्रत्येक डब्यामागे वाढलेला खर्च पंधरा रुपयांच्या आत राहिला.

जाता जाता एक गंमत. ठिणगी नेहमी चुकूनच पडते असं नाही. इलेक्ट्रॉनिक वीज मीटर आले, तशी काही महाभागांनी त्यांना मुद्दाम हजारो व्होल्टच्या ठिणग्या देऊन बंद पाडायची युक्ती काढली. म्हणून आपल्याकडच्या वीज कंपन्या मीटर घेताना ३५ केव्हीच्या ठिणगीलाही मीटर पुरून उरला पाहिजे, नाहीतर त्याने तशी नोंद ठेवली पाहिजे, अशी अट घालतात. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतली एर्डा ही १९७४ मध्ये स्थापन झालेली संस्था विद्युत उपकरणांच्या चाचण्या करते. आमच्या मुलांना तिचं नावही माहीत नव्हतं, एवढ्या जवळ राहून!

बडोद्याला तर हे शोभत नाही. सयाजीरावांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जरांनी १८९० मध्ये इथे कलाभवन काढलं, तेच मुळी तांत्रिक शिक्षण आपल्या भाषेत मिळावं म्हणून. पडद्यावर चित्र हलवणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनाचे विद्यार्थी. पुढे त्याचंच विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय झालं. आमची मुलंही तिथलीच. डेटाशीट इंग्रजीत असते हे खरं, पण ताईला मराठीत समजावून सांगताना भाच्याच्या स्वतःच्या डोक्यातला गोंधळ निस्तरला, हे मी पाहिलं आहे. पिंप-बादली-तांब्याची कल्पनाही ताईचीच, माझी नव्हे.

घरी टीव्ही असलेल्या सगळ्यांसाठी दोन शब्द. केबल लावताना बोटांना बारीक झिणझिण होते ना? ती स्थिर विद्युत नव्हे. दोन पिनांच्या, अर्थिंग नसलेल्या अॅडॅप्टरमधून टीव्हीच्या किंवा डब्याच्या धातूवर घरच्या विजेचा जवळपास निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, तरंगत असतो. प्रवाह अगदी थोडा, माणसाला सहसा काही होत नाही, पण त्या क्षणी केबलची एखादी बारीक पिन धातूच्या कवचाआधी टेकली तर पोर्ट जाऊ शकतं. म्हणून आधी दोन्हींचे प्लग काढा, मग केबल लावा, मग प्लग घाला. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा डिशची आणि टीव्हीची दोन्हीची जोडणी काढून ठेवा. या लेखातला डायोड मोहरीएवढा आहे. आभाळातल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही.

शेठकडे नवा डबा बसवायला मी मुद्दाम गेलो होतो. होळीच्या आधीची कडकडीत कोरडी दुपार. मुलगा साड्या उलगडत होता. भाच्याने त्याला म्हटलं, "जरा टीव्ही सरळ कर ना." तो उठला, केबलला हात लागला, 'चट्' झालं. शेठचं लक्ष गिऱ्हाइकाकडे होतं. पडद्यावर पैठणीचा फोटो जाऊन बांधणीचा आला.

त्यानंतरच्या थंडीत साठ डब्यांतला एकच परत आला. उघडला तर आत पाल.

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा निरोप आला. अलकापुरीतल्या एका हॉटेलला एचडीएमआय २.१ च्या पूर्ण वेगाचे पडदे हवे आहेत. तिथे एका जोडीवरून सेकंदाला १,२०० कोटी बिट, एका बिटला ८३ पिकोसेकंद. "मामा, ०.४ चालेल का रे?" मी त्याला कागद-पेन्सिल घ्यायला सांगून झोपलो. सकाळी उत्तर आलेलं होतं: २२ पिकोसेकंद, पाव बिटाहून जास्त, कटकट होईल, ०.२ चा शोधतोय, पण १६ अँपिअरला तो किती व्होल्ट उरवतो ते अजून सापडलं नाही.